वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कार्ब्स: किती, कोणते, कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून त्याची नळी करणं), गॅस्ट्रिक बायपास आणि मिनी बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) झालेल्यांसाठी आहेत. कार्ब्स म्हणजे कार्बोहायड्रेट, अन्नातली साखर आणि स्टार्च. ग्रॅमचे आकडे स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या मापांवरून काढलेले आहेत. तुमच्या घरची पोळी मोठी असेल तर आकडाही वाढेल. तुमच्या सर्जनने किंवा डाएटिशियनने दिलेला तक्ता यापेक्षा वेगळा असेल तर तोच पाळा, कारण त्यांच्यासमोर तुमचे रिपोर्ट आहेत.

ऑपरेशननंतर कार्ब्स पूर्ण बंद करायचे असतात का?

नाही. बंद करायचे नसतात, त्यांचा नंबर मागे न्यायचा असतो. बायपासनंतर पोटाची जी छोटी पिशवी उरते तिच्यात सुरुवातीला ३० मिलिलिटरच्या आसपास मावतं. स्लीव्हमध्ये १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक छोटी वाटी. शरीराला मात्र स्नायू टिकवण्यासाठी दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं, बहुतेकांना ६० ते ८०. वाटीभर जागेत आधी भात गेला तर प्रोटीनला जागाच राहत नाही. मग वजन उतरतं खरं, पण चरबीसोबत स्नायूही झडतात, केस गळतात, जिना चढताना पाय थकतात.

म्हणून आधी प्रोटीन, मग भाजी आणि उरलेल्या जागेत पोळी-भाकरी-भात. पुढची बहुतेक उत्तरं या क्रमावरच उभी आहेत.

दिवसाला किती ग्रॅम कार्ब्स घ्यावेत?

पहिल्या दीड-दोन महिन्यांत साधारण ५० ग्रॅमपर्यंत. त्यातले बरेचसे दूध, ताक आणि डाळीतूनच येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक लोक ६० ते ९० ग्रॅमपर्यंत पोचतात. वर्षानंतर १०० ते १३० ग्रॅम ही बहुतेकांना झेपणारी मर्यादा आहे. रोज भरपूर चालणारा किंवा अंगमेहनतीचं काम करणारा माणूस तिच्या वरच्या टोकाला जाईल. ज्याचा डायबेटिस अजून पूर्ण आटोक्यात नाही, त्याने खालच्या टोकाला राहावं.

दिवसाच्या बेरजेइतकीच एका वेळची मात्रा महत्त्वाची आहे. बायपास झालेल्याने एका जेवणात ३० ग्रॅमच्या पुढे आणि मधल्या खाण्यात १५ ग्रॅमच्या पुढे सहसा जाऊ नये. एकाच ताटात ८० ग्रॅम कार्ब्स घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर कागदावरची बेरीज बरोबर येईल, पण तुमची तब्येत बिघडेल.

रोजच्या पदार्थांत किती कार्ब्स असतात?

एवढे आकडे लक्षात राहिले तरी पुष्कळ झालं. २५ ग्रॅम कणकेचा लहान फुलका: १६ ग्रॅम. घडीची मध्यम पोळी: २५. अख्खी ज्वारीची भाकरी: ४० ते ४५, म्हणजे चतकोर भाकरीत ११. शिजलेला भात १०० ग्रॅम: २८. कांदेपोह्यांची मध्यम बशी (४० ग्रॅम कोरडे पोहे): ३०. २०० मिलिलिटर दूध: १०. १०० ग्रॅम दही: ४ ते ५. वाटीभर घट्ट वरण (३० ग्रॅम कोरडी डाळ): १७. अंडं, मासे आणि चिकनमध्ये जवळजवळ शून्य, अर्थात वर रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तळलं नसेल तर.

घरात डिजिटल वजनकाटा घ्या. महिनाभर कोरडी कणीक, डाळ आणि तांदूळ वजन करूनच शिजवा. मग नजर तयार होते आणि काटा रोज काढावा लागत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत पातळ आहार सांगितला आहे. घरचे भाताची पेज आणि वरणाचं पाणी देतात. चालेल का?

पोटाला त्रास होणार नाही, पण फायदाही फार नाही. भाताच्या पेजेत पिठूळ पाण्याशिवाय विशेष काही नसतं: पेलाभर पेजेत १० ते १२ ग्रॅम कार्ब्स आणि प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. वरणावरचं पाणी तर अजूनच फसवं आहे, कारण डाळीतलं प्रोटीन खाली गाळात बसतं आणि वर येतं ते पिवळं, खारट पाणी. आजारी माणसाला पेज देण्याची आपल्याकडची रीत मायेची आहे. मात्र इथे पोटात दिवसभरात जेमतेम दीड लिटर जाणार असतं, आणि त्यातला प्रत्येक घोट कामाचा हवा.

त्याऐवजी साय काढलेलं दूध, घट्टसर गाळलेलं ताक, पूर्ण घोटून गाळलेलं मुगाचं कढण, चिकनचं किंवा पायाचं गाळलेलं सूप, आणि डाएटिशियनने सांगितलेली प्रोटीन पावडर. दुधाने पोट फुगत असेल, गुरगुरत असेल तर लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असलेली व्हे आयसोलेट ही प्रोटीन पावडर पाण्यात घ्या. बायपासनंतर दूध न पचण्याची तक्रार पुष्कळांना होते आणि अनेकांची काही महिन्यांत कमी होते.

शहाळ्याचं पाणी थोडं-थोडं करून चालतं. २०० मिलिलिटरमध्ये ८ ते १० ग्रॅम साखर असते, ती हिशोबात धरा. उसाचा रस, कोकमाचं गोड सरबत, पन्हं आणि फळांचे रस नकोत. उसाच्या रसाच्या एका पेल्यात २५ ते ३० ग्रॅम साखर जाते, तीही थेट आतड्यात.

तिसऱ्या आठवड्यापासून काय बदलतं?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं अन्न. पाचव्यापासून आठव्यापर्यंत मऊ, काट्याने सहज दबणारं अन्न. त्यानंतर नेहमीचं जेवण, पण हळूहळू. प्रत्येक हॉस्पिटलचे आठवडे थोडे मागे-पुढे असतात.

या टप्प्यात मराठी स्वयंपाकघराची चांगली साथ मिळते. पिठलं घ्या: २० ग्रॅम बेसनाच्या पातळ पिठल्यात साधारण ११ ग्रॅम कार्ब्स आणि ४ ते ५ ग्रॅम प्रोटीन, फोडणी अर्धा चमचा तेलाची आणि मिरचीऐवजी आलं. चक्का, म्हणजे श्रीखंडासाठी टांगून ठेवतो ते दही, साखर न घालता जिरेपूड टाकून खा. १०० ग्रॅममध्ये सुमारे ८ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि कार्ब्स अगदी थोडे. मऊ अंडाभुर्जी, कुस्करलेलं पनीर, काटा काढून कुस्करलेला उकडलेला मासा. नाचणीसत्त्व चालेल, पण दोन चहाचे चमचे दुधात शिजवून आणि गूळ न घालता. आठवणीने एक गोष्ट: नाचणी पौष्टिक आहे म्हणून वाटीभर खीर केली तर तीही कार्ब्सचीच वाटी होते.

दोन महिने झाले, पण पोळीचा घास छातीत अडकतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टी: घास मोठा, चावणं अपुरं आणि पोळी फार मऊ. गव्हातल्या ग्लुटेन या चिकट प्रोटीनमुळे ताजी मऊ घडीची पोळी नीट न चावता गिळली की तिचा चिकट गोळा होतो. ताज्या पावाचं तेच. नव्या पोटाचं तोंड अरुंद असतं, तिथे हा गोळा बसतो. छातीत जड वाटतं, तोंडात लाळ आणि फेस येतो, कधी उलटी होते.

त्यावर पाणी पिऊन घास खाली ढकलायचा प्रयत्न करू नका, त्याने कळ वाढते. थांबा, उभे राहा, थोडं चाला. बहुतेकदा मोकळं होतं. काही तासांनीही पाण्याचा घोट उतरत नसेल तर सर्जनला फोन करा. प्रत्येक घासाला अडकायला लागलं, किंवा आधी चालणारे पदार्थही आता जात नसतील, तर पोट आणि आतड्यातला जोड अरुंद झाला आहे का हे पाहावं लागतं. तो दोष तुमच्या चावण्याचा नसतो.

उपाय सोपा आहे. पातळ फुलका तव्यावर जास्त कडक भाजा, नखाएवढे तुकडे करा, एक घास वीस-पंचवीस वेळा चावा. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ग्लुटेन नसतं, म्हणून पुष्कळांना ती पोळीआधी जमते. घट्ट आमटीत चतकोर भाकरी कुस्करून खाणं सोयीचं पडतं, पण अशी मऊ भाकरी भरभर उतरते. कुस्करण्याआधीच चतकोर बाजूला काढा आणि बाकीची टोपलीत ठेवून द्या.

भाताबाबत: इंद्रायणी आणि आंबेमोहोर चिकट असतात, आधी मोकळा होणारा तांदूळ घ्या. दोन मोठे चमचे शिजलेला भात पुरेसा आहे.

वरण हे प्रोटीन धरायचं की कार्ब?

दोन्ही, आणि कार्ब जास्त. हे शाकाहारी लोकांनी फार नीट समजून घ्यायला हवं. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन आणि ५५ ते ६० ग्रॅम कार्ब्स असतात. ६० ग्रॅम प्रोटीन फक्त डाळीतून मिळवायचं म्हटलं तर पावणेतीनशे ग्रॅम कोरडी डाळ शिजवावी लागेल. तिच्यासोबत दीडशे ग्रॅम कार्ब्स येतील, आणि एवढी डाळ त्या पोटात मावणार नाही.

म्हणून डाळ रोज खा, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. पनीर (५० ग्रॅममध्ये ९ ग्रॅम प्रोटीन), चक्का, ताक-दूध, टोफू, सोयाचे चंक्स (२५ ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये १३ ग्रॅम प्रोटीन, ८ ग्रॅम कार्ब्स) यांना रोजच्या ताटात कायमची जागा द्या. अंडं चालत असेल तर प्रत्येक अंड्यात ६ ग्रॅम. तरीही कमी पडलं तर प्रोटीन पावडर. ती घ्यायला संकोच करण्याचं कारण नाही.

जेवणाचा क्रम, वेळ आणि पाणी यांचं इतकं अवडंबर का?

कारण त्याने रक्तातली साखर खरोखर बदलते. प्रोटीन आणि भाजी आधी गेली की मागून आलेला स्टार्च सावकाश शोषला जातो आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. आपलं ताट मात्र उलट्या क्रमाने सुरू होतं: आधी वरण-भात, मग पोळी-भाजी, शेवटी ताकभात. हा क्रम फिरवा.

जेवण २० ते ३० मिनिटांत संपवा. त्याहून लवकर नको, आणि तासभर चघळत बसणंही नको. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. पाण्याने अन्न लवकर पुढे सरकतं, पोट भरल्याची जाणीव निघून जाते आणि डम्पिंगची (अन्न एकदम आतड्यात उतरून होणाऱ्या त्रासाची) शक्यता वाढते. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी मधल्या वेळात घोट-घोट प्या.

डम्पिंग म्हणजे नेमकं काय?

साध्या पोटाच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती अन्न थोडं-थोडं आतड्यात सोडते. बायपासमध्ये अन्नाचा रस्ता या झडपेला वळसा घालतो. गोड किंवा मैद्याचं अन्न एकदम आतड्यात उतरलं की ते दाट द्रावण रक्तातलं पाणी आतड्यात खेचून घेतं. खाल्ल्यापासून १० ते ३० मिनिटांत पोटात कळा, मळमळ, धडधड, घाम, चेहरा लाल होणं, जुलाब. आडवं पडावंसं वाटतं, तसं पडाच. अर्ध्या-एक तासात बहुतेक ओसरतं.

स्लीव्हमध्ये झडप शाबूत असते, त्यामुळे त्रास कमी जणांना होतो, पण होऊ शकतो. आणि डम्पिंग होत नाही म्हणून गोड पचतं असं मात्र समजू नका. स्लीव्ह झालेल्यांचं वजन गोडाने गुपचूप परत वाढतं, कारण त्यांना शरीर टोकत नाही.

काय खाल्ल्याने झालं ते लिहून ठेवा. यादीत बहुतेक हे सापडतं: जिलबी, गुलाबजाम, आइस्क्रीम, बासुंदी, थंड पेय, गोड लस्सी, आणि कित्येकांच्या लक्षात न येणारी खोकल्याची गोड औषधं. औषध घेताना केमिस्टला साखर नसलेलं मागा.

जेवून दोन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो. आता तर डायबेटिसही नाही. हे काय?

हे उशिराचं डम्पिंग, म्हणजे जेवणानंतर साखर खाली जाणं. कार्ब्स भराभर शोषले जातात, साखर उंच उसळते, आतड्यातल्या संप्रेरकांच्या जोराने इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि १ ते ३ तासांत साखर आपटते. हा त्रास बायपासनंतर जास्त दिसतो आणि बहुतेकदा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतो. त्यामुळे रुग्ण आणि घरचे डॉक्टर दोघंही तो ऑपरेशनशी जोडत नाहीत. घाबरल्यासारखं वाटतं, म्हणून कित्येकांना ॲसिडिटीची नाही तर चिंतेची गोळी मिळते.

लक्षणं सुरू असतानाच ग्लुकोमीटरवर बोट टोचून साखर बघा. ७० च्या खाली असेल तर उपाय करा. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर घटना समजा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

उपाय असा: १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चहाचे चमचे थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सत्तरच्या वर आली की लगेच प्रोटीन असलेलं काहीतरी खा, अंडं, पनीर किंवा मूठभर शेंगदाणे. इथे लोक एक चूक हमखास करतात: घाबरून अख्खी कोल्ड्रिंकची बाटली किंवा चार पेढे खातात. साखर पुन्हा उसळते आणि दोन तासांनी पुन्हा आपटते. चॉकलेटही नको, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. लक्षणं असताना गाडी चालवू नका आणि पर्समध्ये किंवा खिशात ग्लुकोज ठेवा.

वारंवार होत असेल तर जेवणातले कार्ब्स ३० ग्रॅमच्या आत, प्रत्येक वेळी सोबत १५ ग्रॅम तरी प्रोटीन, आणि दर तीन-चार तासांनी खाणं. याने बहुतेकांना फरक पडतो. नाही पडला तर अकारबोजसारखी औषधं आहेत, ती एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ डॉक्टर) ठरवतील. एक अपवाद लक्षात ठेवा: साखर सकाळी उपाशीपोटी कमी येत असेल तर ते डम्पिंग नाही. त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

डायबेटिसच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का?

स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका आणि बंदही करू नका. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर झपाट्याने खाली येते, वजन उतरायच्याही आधी. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या जुन्याच डोसमध्ये राहिल्या तर साखर धोकादायक कमी होते. डिस्चार्जच्या कागदावर नवा डोस लिहिलेला आहे का, हे हॉस्पिटलमधून निघतानाच बघा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाची गोळी ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात आणि खाणं पुरेसं सुरू होईपर्यंत परत देत नाहीत. कार्ब्स अगदी कमी जात असताना या गोळीने रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचतात, आणि मीटरवर साखर मात्र जवळपास ठीक दिसते. मळमळ, उलटी, धाप अशी लक्षणं असतील तर ‘शुगर तर बरोबर आहे’ म्हणून घरी थांबू नका.

चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपवास करता येतील का?

पहिलं वर्षभर करू नका. तेव्हा पाणी आणि प्रोटीन दोन्ही मोजून-मापून पुरवायचं असतं, त्यात खंड परवडत नाही. निर्जळी उपवास तर त्यानंतरही नकोच.

नंतर करायचा असेल तर साबुदाणा बाजूला ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च: १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कार्ब्स आणि प्रोटीन नावाला. वाटीभर खिचडीत ३५ ते ४० ग्रॅम कार्ब्स जातात, वर ती चिकट असल्याने अडकते, आणि बटाटा घातला की भर पडते. वरीचे तांदूळ भातासारखेच मोजा. उपवासाच्या ताटात दही किंवा चक्का, पनीर, दूध, ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (७ ग्रॅम प्रोटीन) आणि राजगिऱ्याच्या पिठाचं एक लहान थालीपीठ, असं बसवा. राजगिऱ्याचा लाडू मात्र गुळात बांधलेला असतो.

सणाला गोड अजिबात नाही?

पहिले सहा महिने नाही. पुढे चव घ्यायला हरकत नाही, फक्त आकडा माहीत असू दे. मध्यम पुरणपोळीत ५० ग्रॅमच्या पुढे कार्ब्स असतात, एका उकडीच्या मोदकात २० ते २५, दोन मोठे चमचे श्रीखंडात २० च्या आसपास. म्हणजे पुरणपोळीचा चतकोर तुकडा, तोही जेवणाच्या शेवटी, प्रोटीन पोटात गेल्यावर. उपाशीपोटी प्रसादाचा शिरा हा डम्पिंगला निमंत्रण देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आग्रह करणाऱ्या काकू-मावश्यांना ‘डॉक्टरांनी सांगितलंय, त्रास होतो’ एवढं पुरतं. बोटभर प्रसाद हातावर घेतला तर मानही राहतो आणि पोटही.

गूळ, मध, शुगर-फ्री यांपैकी काय बरं?

गूळ आणि मध पोटाच्या दृष्टीने साखरच. चमच्याला चमचा फरक नगण्य. च्यवनप्राशचाही अर्ध्याहून अधिक भाग साखरेचा असतो.

सुक्रालोज, स्टिव्हिया यांचे थेंब किंवा गोळ्या चहात चालतात. ‘डायबेटिक मिठाई’पासून मात्र सावध राहा. त्यात बहुतेकदा साखरेऐवजी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे गोड पदार्थ असतात, त्याने पोट फुगतं, वारा सुटतो, जुलाब होतात. शिवाय त्यातला खवा आणि मैदा कुठे जात नाही.

वर्ष-दीड वर्षाने वजन परत वाढायला लागलं. जेवण तर तेवढंच आहे.

जेवण नाही, मधलं खाणं तपासा. चहा-खारी, चहा-मारी, चिवडा, शेव, वेफर्स, टोस्ट. हे पदार्थ तोंडात विरघळतात, चहासोबत सरळ खाली उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. चिकनच्या चार तुकड्यांवर थांबणारा माणूस चिवड्याचा अर्धा डबा संपवू शकतो, आणि ऑपरेशन त्याला थांबवू शकत नाही.

चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम. तीन मारी बिस्किटं म्हणजे सुमारे १३. यात वडापाव नाही, फरसाण नाही, आणि तरीही पन्नासच्या वर गेलं. तीन दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा, मुलाच्या डब्यातलं उरलेलंसुद्धा. बहुतेकांना उत्तर तिथेच सापडतं. मग बिस्किटाच्या जागी भाजलेले चणे, उकडलेलं अंडं किंवा ताक आणा, आणि चहा-खाणं वेगळं करा. जेवणाचं प्रमाणही दुपटीने वाढलं असेल तर सर्जनकडे जाऊन पिशवी तपासून घ्या.

दारूबद्दल थोडक्यात: बायपासनंतर ती फार लवकर चढते, साखर पाडते आणि सवय लवकर लागते. टाळा.

कोणती फळं, किती?

पहिले दोन महिने रस नको, नंतरही नको. फळ चावून खा. पपई, पेरू (बिया काढून), सफरचंद (सुरुवातीला साल काढून), संत्रं (फोडीची पातळ साल काढून), एका वेळी १०० ग्रॅमपर्यंत. हापूसच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणजे हंगामात एक फोड जेवणानंतर जमते. आमरसाची वाटी नाही जमत. मध्यम केळं २२ ते २५ ग्रॅम, अर्धं पुरे.

पाकिटावर काय वाचायचं?

आधी ‘प्रति सर्व्हिंग’ म्हणजे किती ग्रॅम ते पाहा, कारण पाकिटात बहुतेकदा दोन-तीन सर्व्हिंग असतात. मग एकूण कार्बोहायड्रेट, त्यातली ॲडेड शुगर, आणि प्रोटीन. ॲडेड शुगर ५ ग्रॅमच्या पुढे असेल तर ठेवून द्या. घटकांच्या यादीत पहिल्या तीनांत मैदा, साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर वर ‘मल्टिग्रेन’ लिहिलं असलं तरी ते बिस्किटच आहे. प्रोटीन बारही तपासा, कित्येकांत २५ ग्रॅम कार्ब्स असतात.

वजन अडकलं म्हणून कीटो करू का?

नका करू. कीटो म्हणजे कार्ब्स जवळपास बंद आणि चरबी भरपूर. वजन मधेच काही आठवडे थांबणं अपेक्षित असतं. कीटोत डाळ, फळं आणि भाकरी गेली की तंतू आणि बी-जीवनसत्त्वं कमी पडतात. बद्धकोष्ठता तर आधीच असते, तीही वाढते. शिवाय एवढी चरबी बायपासच्या पोटाला झेपत नाही.

वर्ष झाल्यावर एक साधारण दिवस कसा दिसेल?

सकाळी बिनसाखरेचा चहा. साडेआठला ३० ग्रॅम मूगडाळीची दोन लहान धिरडी, सोबत ५० ग्रॅम पनीर. अकराला ताक. एकला आधी ७५ ग्रॅम बांगडा किंवा दुसरा मासा, मग भाजी, मग वाटीभर घट्ट आमटी, शेवटी एक लहान फुलका. साडेचारला पेलाभर दूध आणि दहा बदाम. आठला ७५ ग्रॅम शिजलेलं चिकन, भाजी, चतकोर भाकरी. बेरीज: कार्ब्स ९० ते ९५ ग्रॅम, प्रोटीन ७५ ते ८०. बायपास झालेल्याने मात्र दुपारची आमटी अर्धी वाटीच घ्यावी, नाहीतर त्या जेवणातले कार्ब्स ३० ग्रॅमच्या पुढे जातात. शाकाहारी माणसाने दुपारी माशाऐवजी पनीर किंवा टोफू आणि रात्री सोयाचे चंक्स घ्यावेत. प्रोटीन १२ ते १५ ग्रॅमने कमी भरेल, ते हवं तर चक्क्याने भरून काढा.

गरोदरपणात ग्लुकोज पाजून साखरेची चाचणी सांगितली आहे. करू का?

ऑपरेशनबद्दल आधी सांगा. बायपास झालेल्या बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं तर जोरदार डम्पिंग होऊ शकतं, साखर धोकादायक पडू शकते आणि रिपोर्टही भरवशाचा येत नाही. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साधारण आठवडाभर घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतर मीटरवर साखर मोजतात. गर्भधारणा ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने लांबवण्याचा सल्ला असतो, तो पाळा.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) बघतानाही सावध राहा. लोह कमी असेल तर तो आकडा फसवा येतो, आणि बायपासनंतर लोह कमी पडणं नेहमीचं आहे.

तातडीने हॉस्पिटलला कधी जायचं?

दोन-तीन दिवस उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, बोलण्यात गोंधळ होतो: ही थायमिन, म्हणजे बी-१ कमी पडल्याची चिन्हं असू शकतात. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, आणि कार्ब्स जाळताना तो खर्च होतो. म्हणूनच अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेणं धोक्याचं आहे. थायमिनशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, सलाइनच्या आधी बी-१ द्या.’ हे वाक्य, ऑपरेशनचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन नंबर एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, आणि घरातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या.